मागच्या बाकावरची मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मंडळाच्या कार्यक्रमात माझे काम आजवर खुर्च्या मोजून घेण्याचे आणि चहाच्या कपांचा हिशेब ठेवण्याचे. पण त्या म्हणाल्या, "तू चौतिसाव्या वर्षी, दोन मुले पदरात असताना बी.एड. केलेस, त्यात काय शिकलीस ते सांग." आता दोन वर्षांत शिकलेले सगळे सांगावयाचे म्हटले तर जेवणे थंड होतील. म्हणून त्यातल्या एकाच विषयाबद्दल बोलते. मी त्याला सर्वांत हलका समजत होते, आणि त्यानेच मला सर्वांत जास्त रडविले.

२०१६ साली मी अध्यापक महाविद्यालयात नाव घातले. पूर्वी बी.एड. एका वर्षात होत असे. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्यात समावेशक शिक्षणाचा एक विषय असतो. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा ज्यांची शिकण्याची रीत निराळी असते, अशा मुलांना आपल्या साध्या शाळेतच इतरांबरोबर कसे शिकवावे, असा तो विषय. आमच्या वर्गातल्या बहुतेकींचे मत असे की, "आपल्याला कुठे त्या शाळांत नोकरी करावयाची आहे? व्याख्या पाठ कराव्या, मार्क मिळवावे." मीही त्यातलीच. मागच्या तुकडीच्या मुलींकडून वह्या मिळविल्या. त्यांत अपंगत्वाचे सात प्रकार लिहिलेले होते. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. मी ते स्वयंपाक करता करता पाठ करून टाकले.

आणि पहिल्याच तासाला आमच्या प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "ते पान खोडा." डिसेंबर २०१६ मध्ये नवा कायदा झाला होता आणि सातांचे एकवीस झाले होते. त्यात स्वमग्नता आली, मेंदूचा पक्षाघात आला, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले, अ‍ॅसिडहल्ल्यात होरपळलेल्या बायका आल्या, आणि ज्याविषयी मी पुढे बोलणार आहे ती अध्ययन अक्षमताही आली. म्हणजे बुद्धी ठीक, डोळे ठीक, कान ठीक, आणि तरीही अक्षर किंवा आकडा हाती लागत नाही अशी मुले. बाई म्हणाल्या, "ही मुले कायद्यात आज आली. तुमच्या वर्गात ती नेहमीच होती."

मग त्यांनी एक विचित्र काम दिले. आपापल्या गल्लीत अशा माणसांना काय नावाने हाक मारतात, ती नावे लिहून काढा. आम्ही हसत हसत लिहू लागलो. खुळा, येडी, चकणा, लंगड्या, तोतरी, बहिरी. मराठी भाषा ह्या बाबतीत फारच श्रीमंत आहे, भगिनींनो. मी आमच्या गल्लीतल्या एकाचे लिहिले, "मुक्या". बाई कागद वाचीत माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी विचारले, "ह्यांचे नाव काय?" मी म्हटले, "मुक्या." त्या म्हणाल्या, "ती हाक झाली. नाव काय?"

मला सांगता येईना. तो माझ्याच वयाचा. एका गल्लीत आम्ही लहानाचे मोठे झालो. शिमग्याला त्याने माझ्यावर रंग टाकला होता, माझ्या लग्नात त्याने दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. आणि त्याचे नाव मला ठाऊक नव्हते. घरी येऊन आईला विचारले. तिलाही आठवायला वेळ लागला. शेवटी मी त्याच्या आईकडे गेले. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाय, इतक्या वर्सांत कोणी इचारला नाय." आणि तिने सांगितले. आपल्या स्टेशनाचे कोळीवाडा हे नाव जाऊन गुरु तेग बहादुर नगर झाले, तरी आपण जुन्या बायका तिकीट मागताना अजून कोळीवाडाच म्हणतो. जागेच्या नावाला इतके धरून राहणाऱ्या आपण, आणि माणसाचे नाव मात्र हातचे सोडून दिले.

त्याची कथा आपणापैकी थोरांना ठाऊक आहे. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. कोणी म्हणाले, बापावर गेला, बापही उशिरा बोलला होता. कोणी पोपटाने उष्टावलेला पेरू खायला घालावयास सांगितला. नवस झाले. सहाव्या वर्षी पहिलीत घातला, दोन वर्षे तिथेच बसला, आणि मग घरी बसला. त्याच्या कानात काही जात नाही, आणि कानात जात नाही म्हणून तोंडातून येत नाही, एवढी साधी गोष्ट कोणी तपासून पाहिली नाही. वांद्र्याच्या रेक्लमेशनवर अली यावर जंग ह्यांच्या नावाची, ऐकू न येणाऱ्यांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३ साली निघाली. तेव्हा आम्ही दोघेही रांगत होतो. शीवहून वांद्रे ते किती लांब? धारावी ओलांडली, माहीमची खाडी ओलांडली की आले. आमच्या वेळी तिथवर त्याला नेणारे कोणी भेटले नाही. आज तर बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, झोपेत असताना, कानात एक बारीक नळी ठेवून ऐकू येते की नाही ते बघता येते. बाळाला दुखत नाही. आणि तपास लवकर का करावा, तर बोली शिकण्याचे मेंदूचे दिवस पहिली काही वर्षेच जोराचे असतात. मूल खुणांची भाषा शिको की यंत्र लावून बोलावयास शिको, त्या वर्षांत त्याला एक तरी भाषा मिळावी लागते. ती वर्षे गेली की मग जन्मभर ओढाताण होते.

असो. विषयाकडे वळते.

आमच्या बाईंची शिकविण्याची तऱ्हा अशी की त्या आधी आम्हालाच अपंग करीत. एके दिवशी आरसा समोर ठेवून, हाताकडे न बघता, आरशात पाहून स्वतःचे नाव लिहावयास लावले. तीस-पस्तीस वर्षांच्या पदवीधर बाया आम्ही, घाम फुटला. पेन डावीकडे न्यावे तर उजवीकडे जाते. माझ्या शेजारणीने चिडून कागद फाडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "वर्गात मुलाने असा कागद फाडला तर तुम्ही काय कराल?" कोणी उत्तर दिले नाही.

मग त्यांनी आपल्या देवनागरीच्या खाचाखोचा दाखविल्या. ह्या मला त्यापूर्वी कधी दिसल्याच नव्हत्या, कारण मला वाचता येत होते. आता बघा, "कि" लिहिताना वेलांटी आधी काढावयाची, पण बोलताना क आधी आणि इकार मागून. डोळा एका क्रमाने जातो आणि जीभ दुसऱ्या. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष ह्यांत फरक एवढ्याशा रेघेचा. आणि आकड्यात तीन आणि सहा तर एकमेकांचे आरशातले रूपच आहेत. त्यावर आपली संख्या म्हणण्याची रीत! आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस मागून. लिहितो मात्र दोन आधी आणि पाच नंतर. इंग्रजीत वीस आणि मग पाच, जसे लिहावे तसे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस पाच" असे म्हणावयाची सोय केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवते ना? वर्तमानपत्रांतून थट्टा झाली, विधानसभेतही झाली. मराठीचा गळा घोटला म्हणून मीही बोलले असते, पण तोवर मी एका मुलाच्या पंचविसाने पुरती शहाणी झाले होते. पंचवीस हा शब्द मलाही प्रिय आहे, तो जाऊ नये. पण ज्याला तो शब्द उलटा ऐकू येतो त्याला आठ दिवस "वीस पाच" म्हणू दिले तर मराठीचे काय बिघडते?

त्या मुलाचीच गोष्ट सांगावयाची आहे.

२०१७ च्या ऑक्टोबरात माझे सराव पाठ चालू होते. वर्ग सातवीचा, विषय गणित, पाठ शेकडेवारीचा. टाचण मी रात्री दोनपर्यंत जागून काढले होते. मागे बाई निरीक्षणाला बसलेल्या. मी एका मुलाला फळ्याशी बोलाविले आणि म्हटले, "पंचवीस टक्के लिही." त्याने बावन्न लिहिले. वर्ग हसला. मी म्हटले, "पंचवीस!" त्याने पुसले, विचार केला, आणि पुन्हा बावन्नच लिहिले. माझा पाठ बिघडत होता, मार्क जात होते. मी जे बोलले ते आज आपणांसमोर सांगते, कारण न सांगता हे भाषण खोटे होईल. मी म्हटले, "सातवीत आलास आणि पंचवीस येत नाही? डोके घरी ठेवून आलास का? जा, मागे उभा राहा."

तो मागे जाऊन उभा राहिला. बाईंनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि त्याला बसविले. पाठ संपल्यावर माझ्या वहीत त्यांचा शेरा होता: पाठ व्यवस्थित. मागे उभा केलेला विद्यार्थी पाठभर काय शिकला, ते लिहावे.

त्या पानावर मी पंधरा दिवस काही लिहू शकले नाही.

पुढच्या रविवारी मी मासळीबाजारात गेले. एका मावशीच्या पाटीशी तोच मुलगा बसलेला. मावशी पलीकडे कुणाशी बोलत होती. गिऱ्हाईक त्याच्याच अंगावर. साठाला वाटा असे मांदेलीचे दोन वाटे, दीडशेचा कोळंबीचा एक, त्यात घासाघीस होऊन दहा सोडलेले, आणि बाईने पाचशेची नोट पुढे केली. मी मनात जुळवणी करीत होते तोवर त्याने दोनशेचाळीस परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळविली होती. त्याने मला पाहिले. ओळखले. आणि मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याने मला जे वाटले ते शेऱ्यानेही वाटले नव्हते.

मी बाईंना सांगितले. त्यांनी त्याच्या जुन्या वह्या मागविल्या. तोंडी सगळे ठीक, लेखी सगळे उलटे, तिसरीपासून तेच. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नव्हे, नाव देणार नाही. पण तपासणी झाली पाहिजे." आणि तपासणी कुठे, तर आपल्या दारात, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात. ज्या रुग्णालयात आपली निम्मी मुले जन्मली तिथेच अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचे केंद्र आहे, हे मला सातवीच्या मुलाला अपमानित केल्यानंतर कळले. तिथले काम एका फेरीत होत नाही. आधी डोळे आणि कान, मग बुद्धिमापन, मग वाचन, लेखन आणि गणित ह्यांची चाचणी. शाळेतले शेरे, वह्या, घरची माहिती, सगळे बघतात. आणि तसेच हवे. मूल नीट शिकविले गेले नाही म्हणून मागे पडले, की ऐकू येत नाही म्हणून, की खरोखर अध्ययन अक्षमता आहे, हे घाईने ठरविण्याजोगे नाही.

पण मुलाच्या घरचे तयार होईनात. मावशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाते. रुग्णालयाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मासळी बुडाली. ते तिने सोसले असते. वडिलांचे म्हणणे निराळे. "कागदावर एकदा लिहिले की पोर खुळा, मग त्याला मुलगी कोण देणार? तुमचा बीएडचा अभ्यास व्हायचा आणि आमच्या घराला बट्टा लागायचा." मी फार समजाविले. आता वाटते, फार बोलले. पहिल्या वाक्यातच माफी मागावयास हवी होती, ती मी तिसऱ्या भेटीत मागितली. दोन वर्षे गेली. मुलगा नववीत गेला, आणि सहामाहीत गणितात नापास झाल्यावर "शाळा सोडतो" म्हणून रुसून बसला, तेव्हा वडील स्वतःच माझ्या दाराशी आले. काही बोलले नाहीत. पिशवीत वह्या होत्या.

तपासणी झाली, प्रमाणपत्र मिळाले. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचे आपल्या महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून चालू केले आहे. वाढीव वेळ मिळतो, लेखनिक घेता येतो, शुद्धलेखनाचे मार्क कापीत नाहीत. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे गणित आणि जोडीला एक कार्यानुभवाचा विषय घेण्याचीही सोय होती. इथे एक सांगणे भाग आहे. सवलत ही सरसकट घ्यावयाची वस्तू नाही. सातवीचे गणित घेतले की पुढची काही दारे बंद होतात, ज्या अभ्यासक्रमांना दहावीचे गणित लागते ती. आम्ही हे त्यांच्या घरी बसून बोललो. वडील म्हणाले, सोपे ते घ्या. मावशी म्हणाली, "हिशोबात माजा पोर कमी नाय. त्याला टाईम तेवडा द्या." आणि तसेच ठरले. मला वाटते, त्या खोलीत विशेष शिक्षण सर्वांत जास्त तिलाच कळले होते.

पुढे काय झाले ते ऐकून आपण हसाल की रडाल, ठाऊक नाही. तो दहावीत गेला आणि शाळा बंद झाल्या. वर्षभर मोबाइलवर अभ्यास; फळा नाही, वही तपासणे नाही. मी गच्चीवर अंतर ठेवून बसवीत असे आणि त्याला आकडे बोलत बोलत लिहावयास लावी: आधी "वीस", मग दोन लिही, आता "पाच", पाच लिही. त्याने चौकटीच्या कागदावर लिहावयाची सवय लावून घेतली. चूक कमी होत गेली. तो परीक्षेची वाट बघू लागला! आणि २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली. सगळ्यांचे निकाल नववीच्या आणि वर्षभराच्या मार्कांवर लागले. तो पास झाला. गल्लीत पेढे वाटले गेले. तो मात्र माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, आता सगळे म्हणणार, फुकट पास झाला. मी लिहिला असता ना पेपर." ह्यावर काय बोलावे ते मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. आज तो बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात काम शिकून पोटापाण्याला लागला आहे. पंचवीस लिहिताना अजून क्षणभर थांबतो.

आता कोणी म्हणेल, मग ह्या अभ्यासक्रमाने सगळे होते का? मुळीच नाही. एक विषय, थोड्या भेटी आणि एक परीक्षा, एवढ्याने कोणी विशेष शिक्षिका होत नाही. ते शास्त्र निराळे आहे. त्याची वेगळी बी.एड. आहे, आणि १९९२ च्या कायद्याने नेमलेली भारतीय पुनर्वास परिषद त्यावर लक्ष ठेवते. आपल्या मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात ते शिकण्याची सोय आहे. ज्यांच्या मुली बारावीच्या पुढे काय म्हणून विचारात आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे. साध्या बी.एड.ने एवढेच होते की शिक्षिकेला संशय घेता येतो. "आळशी" हा शब्द जिभेवर आला की ती जरा थांबते. आणि तेवढे जरी व्हावयाचे तरी वर्गात मुले मोजकी हवीत. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. आपल्या मुलांच्या वर्गात किती बाके आहेत आणि एका बाकावर किती जणी बसतात, ते आपण पालकसभेला जाल तेव्हा मोजून या.

एक शेवटची गोष्ट, मुंबईची. आपल्याला वाटते हे सारे नव्या जमान्याचे खूळ आहे. माझगावला मूकबधिर मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली. ॲना मिलार्ड नावाच्या मिशनरी बाईंनी अंध मुलांची शाळा १९०० साली सुरू केली. ती आपल्या दादरची. शिवडीची जय वकील शाळा १९४४ ची. जय ही वकील दाम्पत्याची मुलगी, आणि तिच्यासारख्यांना घेणारी शाळा नव्हती म्हणून आईबापांनीच काढली. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडच्या झालेल्या. आणि १९७२ साली मिठू अलूर ह्यांनी मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी कुलाब्याला शाळा उघडली तीही स्वतःच्या मुलीमुळे. माझगाव, दादर, शिवडी, परळ! आपण रोज ज्या बसने जातो त्या बसच्या खिडकीतून दिसण्याजोगी ठिकाणे. एखाद्या आईने घरातले मूल लपवून न ठेवता बाहेर आणले, आणि शाळा निघाली.

ह्या मांडवाची वीज ज्याने जोडली आहे, माझ्यापुढचा हा ध्वनिक्षेपक ज्याने लावून दिला आहे, जो त्याला स्वतःला ऐकू येत नाही, तो तिथे खांबापाशी उभा आहे. त्याचे नाव मी इथून उच्चारीत नाही. त्याला ते ऐकू जाणार नाही आणि आपण सगळ्याजणी वळून बघाल. कार्यक्रम संपल्यावर त्याच्या आईला विचारा. ती पहिल्या रांगेत बसली आहे.

चिटणीसबाई घड्याळाकडे बघत आहेत. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसते. ज्यांच्या मुलाच्या अभ्यासाची काळजी वाटते त्यांनी यावे. प्रगतिपुस्तक नाही आणले तरी चालेल, पण वही आणा. आणि घरून खाडाखोड करून, नीट करून आणू नका. मुलाने लिहिली असेल तशीच आणा.